रकान्यात मी ‘पारंपरिक’ लिहिलं: ठाणे, डोंबिवली आणि दिव्याचे तीन दिवस

या वेळचा प्रवास ठरला तो एका टिप्पणीमुळे, आणि ती टिप्पणी सहा वर्षं माझ्याच घरात पडून होती.

श्रावणात मी माझा जुना ब्लॉग नव्या जागी हलवत होतो. नाशिकला माझं ॲम्प्लिफायर आणि कॅसेट डेक दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा असली कामं निघतात. हलवता हलवता ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ नावाचा कप्पा उघडला. टिप्पणी माझ्या परवानगीशिवाय दिसू नये अशी व्यवस्था मीच केलेली, कारण लोक काहीही लिहितात. आत कर्जाच्या आणि केस वाढवायच्या जाहिराती होत्या, आणि त्यांच्यात हे:

‘सर, आगरावरची झुलूक ही चाल पारंपरिक नाही. ती माझ्या आजोबांनी बसवली आहे. ते जिवंत आहेत. कृपया नाव घाला. तन्वी म्हात्रे, दिवा गाव, तलावाजवळ.’

‘ते जिवंत आहेत’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. खाली फोन नंबर होता. लावला. बंद.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. सोळा वर्षांपूर्वी मी डोंबिवलीत राहायचो. गणपती, नवरात्र, हळद, जिथे बँजो पार्टी वाजायची तिथे मी असायचो. बँजो म्हणजे आपला देशी बँजो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला तारांचा लांबट डबा. सोबत ढोलकी, ताशा, कीबोर्ड आणि सगळ्याला पुरून उरणारे भोंगे. या पार्ट्या स्वतःच्या सीड्या काढायच्या आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर मांडून विकायच्या. मी त्या घ्यायचो, घरी आवाज साफ करायचो आणि ब्लॉगवर टाकायचो. सगळ्यांना फुकट. कुणाची परवानगी घेतली नाही. त्या काळी कुणीच घेत नव्हतं, आणि हे समर्थन नाही, हे तेव्हाचं हवामान आहे.

माझा ब्लॉग मात्र वेगळा होता, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगतो. बाकीचे लोक ‘ट्रॅक ०१’ लिहून मोकळे व्हायचे. माझ्याकडे प्रत्येक चालीला आठ रकान्यांचा तक्ता असायचा: चालीचं नाव, पार्टी, गाव, बँजो कुणाचा, ढोलकी कुणाची, ताशा कुणाचा, ध्वनिमुद्रण कुठे झालं आणि चाल कुणाची. दहावीनंतर मी कुठल्या वर्गात बसलेलो नाही. सोल्डरिंगपासून स्वरलेखनापर्यंत जे येतं ते स्वतः शिकलेलो आहे. म्हणून माझा एक नियम होता. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही.

दिव्याच्या खाडीवारा बँजो पार्टीच्या सीडीचं कव्हर झेरॉक्सचं होतं. वादकांची नावं होती. चाल कुणाची ते नव्हतं. आठवा रकाना रिकामा राहिला असता, म्हणून मी तिथे ‘पारंपरिक’ लिहिलं.

आता नवरात्र जवळ आलंच होतं. म्हटलं, देवीही बघू, बँडही ऐकू आणि त्या माणसाला शोधून नाव घालून येऊ. तेवढ्यासाठी प्रवास कशाला, पत्र पाठव, असं बायको म्हणाली. तलावाजवळ एवढ्या पत्त्यावर पत्र जात नाही, असं मी म्हणालो. खरं तर मला तोंडाने सांगायचं होतं.

पहिला दिवस: ठाणे

नाशिकहून सकाळी सहाची एसटी घेतली. कसारा घाट झकास होता. शहापूरला चहाला दहा मिनिटं मिळाली. भिवंडी बायपासला रस्त्याचं काम चालू असल्याने पुढचा पाऊण तास बस गोगलगायीसारखी सरकत होती. निघणाऱ्यांनी एक तास जास्तीचा धरावा आणि उजवीकडची खिडकी घेऊ नये, सकाळभर ट्रकांचा धूर तिकडूनच येतो. खोपटला उतरून रिक्षाने नौपाड्यात, माझा मित्र सुहास याच्याकडे.

सुहास माझ्या त्या जुन्या दिवसांतला. तोही गाणी टाकायचा, पण त्याची आवड ब्रास बँडची. नौपाड्यात त्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याची मुलगी मैत्रेयी ध्वनिमुद्रणाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली, आणि दुपारी उपासाची मिसळ खाताना तिच्याशीच जुंपली.

मी टिप्पणीची गोष्ट सांगितल्यावर सुहास म्हणाला, “दिग्या, तू उगाच मनाला लावून घेतोस. आपण नसतो ना, तर त्या सीड्या भंगारात गेल्या असत्या. अख्खी चाल मेली असती.”

“बाबा, तुम्ही चोरी केलीत आणि वर पुण्य मागताय,” मैत्रेयी म्हणाली.

“चोरी काय गं? एक पैसा घेतला का?”

“तुम्ही नाही घेतलात. त्यांना मिळाला असता तो गेला. दोन्ही एकदम खरं असू शकतं. शेंगदाणे घ्या.”

मी म्हणालो, की सीडीची पाचशेची आवृत्ती निघायची, ती आठवड्यात संपायची, पुन्हा काढायला कुणाकडे भांडवल नसायचं. ऐकणारे दुबईत, सुरतेत होते. त्यांनी काय करायचं?

“काका, ते मी एक वेळ समजू शकते,” ती म्हणाली. “पण गाणं उचललं तर माणसाकडे निदान नाव तरी राहतं. तुम्ही तेही नेलंत. आणि तुमच्यासारख्या नेटक्या माणसाने नेलं, म्हणून ते पक्कं झालं. ‘ट्रॅक ०१’ लिहिणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.”

मला राग आला. शिकलेल्या माणसांनी मला शिकवलं की मला येतोच. मी म्हणालो, “तुझ्या कॉलेजात ताशाचे किती प्रकार शिकवले?” ती हसली आणि म्हणाली, “एकही नाही,” आणि त्यामुळे राग कुठे ठेवावा तेच कळेना.

चार वाजता तलावपाळीच्या कडेने आम्ही टेंभी नाक्याकडे चालत निघालो. रिक्षा करू नका, नवरात्रात ती तिथवर जातच नाही. देवीचं दर्शन बायकांच्या रांगेत लवकर होतं, पुरुषांच्या रांगेत आम्हाला सव्वा तास लागला. पण रस्त्याचं काय सांगू! एका बाजूला नाशिक ढोल, एका बाजूला बँजो, मध्ये खणानारळाची दुकानं, आणि त्या गलबल्यात एका कोपऱ्यावर कळव्याच्या एका पार्टीने ‘आगरावरची झुलूक’ धरली.

सोळा वर्षांनी ती चाल मी समोर ऐकत होतो. बँजो गंधारावरून थेट पंचमावर उडी मारतो. मधला मध्यम लागतच नाही, त्या रिकाम्या जागेत ताशा दोन ठोके टाकतो, आणि ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप उडतात. सुहासचेही उडाले.

वाजवणं थांबल्यावर मी बँजोवाल्याला विचारलं, “ही चाल कुणाची, दादा?”

“कुणाची म्हणजे? पारंपरिक आहे ती,” तो तारा पुसत म्हणाला. “आगरी लोकांची. आमच्या आज्याच्या आधीपासूनची.”

त्याचं वय असेल पंचवीस. त्या संध्याकाळी आणखी दोन पार्ट्यांना विचारलं. दोघांनीही तोच शब्द सांगितला.

दुसरा दिवस: डोंबिवली

ठाण्याहून डोंबिवलीला मी रस्त्याने गेलो, कळवा, मुंब्रा, शीळ फाटा या वाटेने. लोक मला वेडा म्हणतात, पण दोन तास खिडकीत बसून पारसिकचा डोंगर बघायचा असेल तर हीच वाट. डोंबिवलीत एका मैदानावर दुपारी तीनपासून बँडचा मेळा होता, प्रवेश मोफत. स्टेजसमोरचे भोंगे चुकीच्या कोनात लावले होते. मागच्या निम्म्या लोकांना ढोलकी दोनदा ऐकू येत होती. मी मिक्सरवाल्याला सांगून आलो. त्याने मान हलवली आणि काही केलं नाही. खायला पोटॅटो ट्विस्टर आणि राजगिऱ्याचे लाडू, मधलं काही नाही. पाणी घरून न्या.

पाच बँड होते. दोन हिंदी गाणी वाजवणारे, ते सोडून देतो. चौथा बँड ‘ओहोटी’. गिटार, काहोन, म्हणजे वर बसून थापट्यांनी वाजवायचं लाकडी खोकं, आणि बँजो, पण आवाज बदलणाऱ्या पेडलमधून काढलेला, म्हणजे कधी सनईसारखा तर कधी भुंग्यासारखा. माझ्यासारख्या म्हाताऱ्या कानांनाही मान्य करावं लागलं, की पोरांची तयारी आहे. तिसरी चाल सुरू करण्याआधी ओमकार नावाचा बँजोवाला माइकवर म्हणाला, “ही एक प्राचीन आगरी चाल. हिच्यात मध्यम वर्ज्य आहे. ही आगरी परंपरेची खास खूण आहे.”

ही वाक्यं माझी होती. तक्त्याखाली मी एक परिच्छेद लिहिला होता, ‘मध्यम वर्ज्य असणे हे आगरी लोकसंगीताचे वैशिष्ट्य दिसते’. पुरावा एकच होता, ही एक चाल. ‘दिसते’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला होता, आणि ‘प्राचीन’ हा वाटेत चिकटला होता.

कार्यक्रमानंतर मी स्टेजमागे गेलो. ओमकार केबल गुंडाळत होता. मुलगा गोड होता. मी विचारलं, हे मध्यमाचं तुला कुठे कळलं?

“काका, रिसर्च केला ना,” तो म्हणाला. “नेटवर एक जुना ब्लॉग आहे. एकदम ऑथेंटिक. बाकी सगळे त्यातूनच उचलतात. थांबा, दाखवतो.”

त्याने मोबाइलवर माझं पान उघडलं. आठ रकाने. एकही रिकामा नाही.

“बघा, किती व्यवस्थित लिहिलंय. हा माणूस कोण आहे माहीत नाही, पण भारी आहे,” तो म्हणाला.

अशी स्तुती ऐकायला मी सोळा वर्षं थांबलो होतो. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी छाती फुगलीच. मग मी त्याला सांगितलं, की तो माणूस मी आहे आणि आठवा रकाना चुकीचा आहे.

तो आधी हसला, मग फोटो काढू म्हणाला, मग केबल खाली ठेवली. “म्हणजे प्रॉब्लेम आहे, काका. आम्ही हे रेकॉर्ड करून सगळीकडे टाकलंय. फॉर्ममध्ये ‘रचना: पारंपरिक, संयोजन: ओहोटी’ असं भरलंय. पारंपरिक असलं की कुणाला विचारायला लागत नाही ना.”

“आता विचारायला लागेल.”

“कुणाला?”

“उद्या सांगतो,” मी म्हणालो.

त्यांच्यातली काहोन वाजवणारी मुलगी इतका वेळ नुसती ऐकत होती. ती म्हणाली, “तुम्ही लोकांनी सगळं फुकट टाकलंत म्हणून आज आमचं गाणं कुणी विकत घेत नाही, असं आमचे सर म्हणतात.”

“आणि तुम्ही लोकांनी ते फुकट ऐकलंत म्हणून आज वाजवताय, असं मी म्हणतो.”

“दोन्हीही खरं असेल,” ती म्हणाली. कालच्या मैत्रेयीसारखंच. हल्लीच्या पोरींना हे कोण शिकवतं कोण जाणे. रात्री स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. चादरी स्वच्छ, पंखा आवाज करणारा, पाणी सकाळी सहा ते आठ.

तिसरा दिवस: दिवा

डोंबिवलीहून बसने शीळ फाटा, तिथून शेअर रिक्षाने दिवा. रिक्षात चौथा माणूस ड्रायव्हरच्या मांडीवर बसतो, हे गृहीत धरा. नव्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या, की वाळत घातलेले कपडे कोणत्या घराचे ते सांगता येत नाही, आणि प्रत्येक जिन्याखाली निळे पिंप. टँकर येऊन गेला होता. रस्त्यावर पाण्याची ओली रेघ होती आणि दोन बायका त्या रेघेवरूनच भांडत होत्या. या सगळ्याच्या मागे जुनं गाव आहे. तलाव आहे, देऊळ आहे, अंगणात तुळस आहे.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं, “काशिनाथ म्हात्रे कुठे राहतात? बँजोवाले?” वादकांच्या रकान्यात बँजोसमोर हेच नाव होतं. मीच लिहिलेलं. तेव्हा पुढचा विचार केला नाही.

“कोन काशिनाथ?” त्याने गाळणं आपटलं. मग त्याचा चेहरा उजळला. “अरे, पारंपरिक! पारंपरिक तात्या म्हना ना! देवळाच्या मागे, निलं गेट.”

“काय म्हणालात?”

“गावात तेच बोलतात त्याला. जुना किस्सा हाय. कटिंग देऊ?”

कटिंग घेतला. पैसे दिले आणि देवळाच्या दिशेने निघालो.

निळ्या गेटात तन्वी भेटली. आता ती शाळेत शिक्षिका आहे, त्या दिवशी सुट्टी होती. मी नाव सांगितलं, ब्लॉगचं नाव सांगितलं. “सहा वर्षं लागली तुम्हाला?” एवढंच ती म्हणाली, आणि आत वळून ओरडली, “आजोबा, तो आलाय. ब्लॉगवाला.”

तात्या ओटीवर बसले होते. पंच्याहत्तरीचे, बारीक, गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांत अजून चमक. “कोन, ब्लॉगवाला?” ते म्हणाले. “ये, बस. तन्वे, पानी दे त्याला. मना वाटला कोन तरी पोर असंल. तू तं चांगला पिकलेला हायेस.”

मी बसलो. घरून माफी पाठ करून आलो होतो, पण तात्यांनीच सुरुवात केली.

“फुकाट वाटलास त्याचा मना काय नाय. आमी पन हलदीन दोनचार शीड्या फुकाटच द्यायचू. लोकांनी आयकला, बरा झाला. पन नाव कशाला पुसलास?”

“तात्या, मी पुसलं नाही. कव्हरवर नव्हतंच.”

“नव्हता, तं रिकामा ठेवाचा!” त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त तळहात उघडून दाखवला. “ज्याचा माहीत नाय त्याचा रिकामा ठेवाचा. जागा रिकामी असली म्हंजे कोन तरी इचारतो, बाबा, हितला मानूस कुठं गेला? तू भरून टाकलास. मंग कोन इचारनार?”



पुढचं तन्वीने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या बहिणीच्या हळदीला बाहेरची पार्टी आणली होती. त्यांनी ही चाल धरली आणि माइकवर सांगितलं, आता एक जुनी पारंपरिक चाल. तात्या उठले, म्हणाले, ही माझी हाय. पार्टीतला एक जण हसत म्हणाला, आबा, सगळ्या जुन्या चाली तुमच्याच! तात्या हट्टाला पेटले. तेव्हा त्या माणसाने मोबाइल काढला आणि माझं पान सगळ्या मांडवाला वाचून दाखवलं. बँजो: काशिनाथ म्हात्रे. चाल: पारंपरिक. “बघा, आबांनी वाजवली आहे, बसवली नाही. लिहिलंय इथे.” पाहुणे हसले. व्याही हसले. तात्यांचा सख्खा भाऊही म्हणाला, “काशा, म्हातारपणी कशाला खोटा बोलतंस?”

“त्या दिवसापासून आजोबांनी बँजो उघडला नाही,” तन्वी म्हणाली. “त्याच रात्री मी तुम्हाला लिहिलं. मी रोज बघायचे, दिसतंय का. महिनाभर बघितलं.”

मी म्हणालो, तात्या, एकदा बँजो बघू का? मला वाटलं नाही म्हणतील. पण ते स्वतः उठले आणि कोनाड्यातून गोधडीत गुंडाळलेला डबा घेऊन आले. तारा गंजलेल्या. त्यांनी माझं बोट धरून एका बटणावर ठेवलं. दाबलं. बटण खाली गेलं आणि वर आलंच नाही.

“यो मध्यम,” ते म्हणाले. “खारी हवा. वाजवाची सुपारी होती त्याच दिवशी अडकला. दुरुस्तीला वेल नव्हता. मंग त्याला सोडूनच चाल बसवली, आनि शिवाला बोल्लो, हितं तू ताशा मार, खड्डा दिसला नाय पायजे.”

मध्यम वर्ज्य. आगरी लोकसंगीताचे वैशिष्ट्य. एक अडकलेलं बटण होतं ते! ओमकार, कळव्याची पार्टी आणि सगळ्यांत आधी मी, आम्ही सगळे त्या बटणाला परंपरा म्हणत होतो. तात्या हसले, मीही हसलो, आणि मधेच मला हसू आवरेना आणि मग डोळे पुसावे लागले. तन्वीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

दुरुस्ती हा माझा धंदा आहे. आतली स्प्रिंग गेली होती, पाच मिनिटांचं काम. माझ्या खिशात पेचकस कायम असतो. मी म्हणालो, “करून देऊ?”

तात्यांनी डबा पुन्हा गोधडीत गुंडाळला. “नको. त्यो सुधारला तं चाल मोडंल. आनि आता वाजवाचा तरी कोनासाटी?”

मग मी मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोर आठवा रकाना उघडला. ‘पारंपरिक’ खोडलं. “सांगा तात्या, कसं लिहू?”

“काशिनाथ जोमा म्हात्रे. जोमा घाल. दिव्यात काशिनाथ म्हात्रे तीन हायेत.” मी टाइप केलं. ते चष्मा लावून वाकले. “जोमातल्या मला काना हाय. हां. आनि ताशाची जागा शिवराम भोईरची, तो पन लिव. तो वारला.”

माझ्यापेक्षा काटेकोर माणूस मला आयुष्यात क्वचित भेटला आहे. मध्यमाचा परिच्छेदही त्यांच्यासमोर काढला आणि बटणाची हकीकत लिहिली. त्यांनी ती तन्वीकडून दोनदा वाचून घेतली, एक शब्द बदलायला लावला आणि मग म्हणाले, “आता जेव.”

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वर लोणच्याची फोड. पैसे देण्याचा विषय नव्हता, पण बाहेर असं जेवण कुठे मिळतं विचाराल तर माहीत नाही. निघताना मी पाया पडलो. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

परतीची बस कल्याणहून होती आणि हातात दोन तास होते, म्हणून दुर्गाडीच्या जत्रेत गेलो. दुपारी गेलात तर गर्दी कमी, किल्ल्यावरून खाडी छान दिसते. खाली आकाशपाळण्याच्या भोंग्यावर ‘झुलूक’ लागलेली, ओहोटीचीच. मी पाळणेवाल्याला गाठलं आणि सांगितलं, “ही चाल दिव्याच्या काशिनाथ जोमा म्हात्रे यांची आहे.”

“बरं,” तो म्हणाला. “तिकीट काढायचंय का?”

घरी

नाशिकला येऊन महिना झाला. जायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरात्रातले पहिले चार दिवस बरे, नंतर ठाण्यात पाय ठेवायला जागा नसते. टेंभी नाका दुपारी चार ते सात. डोंबिवलीचा मेळा जाहीर व्हायच्या आधी स्थानिकांना विचारा. दिव्याला नुसतं बघायला म्हणून जाऊ नका. आणि एखादी पार्टी आवडली तर नुसता व्हिडिओ काढून येऊ नका. वाजवणाऱ्याला नाव विचारा, आणि चाल कुणाची तेही. सांगता आलं नाही तर तसंच लिहा.

माझ्या तक्त्याची नक्कल केलेली एकतीस पानं मला सापडली. सगळ्यांना लिहिलं. चौघांनी बदललं. ओमकारने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवली आणि तो दोनदा दिव्याला जाऊन आला, हे त्याच्याबद्दल आवर्जून सांगायला हवं. बाकीच्यांपैकी बहुतेकांचं उत्तर नाही. एकाने उलट विचारलं, ‘पुरावा काय? सर्व स्रोतांमध्ये पारंपरिक असाच उल्लेख आहे.’ खाली त्याने स्रोत दिला होता. माझं पान, जुनं, कुणीतरी जपून ठेवलेलं, आठही रकाने भरलेले.

मैत्रेयी म्हणाली तेच खरं. मी गाणं उचललं त्याचं मला आजही पूर्ण वाईट वाटत नाही. वाटायला हवं होतं, तेवढं नाही. पण त्या एका शब्दाने मी एका माणसाला त्याच्याच मांडवात खोटं पाडलं, आणि तेही टापटिपीच्या हौसेपायी. बाकीचे रकाने आता मी तपासायला घेतले आहेत. जिथे खात्री नाही तिथलं पुसतोय. पान भिकार दिसतं.

परवा तन्वीचा फोन आला. तात्यांनी विचारायला सांगितलं होतं, की नाव घातल्यापासून ते पान किती लोकांनी बघितलं.

मी आकडा काढला. लपवण्यात अर्थ नव्हता. “सात,” मी म्हणालो. “त्यातल्या चार वेळा मीच.”

पलीकडे ती तात्यांना सांगत होती ते ऐकू आलं. मग त्यांचा आवाज, फोनपासून लांबून: “दोनदा आपन बघितला. म्हंजे एक उरला. इचार त्याला, त्यो कोन?”

मी म्हणालो, “माहीत नाही, तात्या.”